जन्माचे प्रयोजन आणि दोन सारग्राही ग्रंथ

मनुष्यजन्म कशासाठी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. देवळाच्या सभामंडपात बसून कीर्तन ऐकलेल्या कोणाही माणसाच्या कानांवरून तो शेकडो वेळा गेलेला असतो. चौऱ्यांशी लक्ष योनी, दुर्लभ नरदेह, चार पुरुषार्थ आणि शेवटी मोक्ष ही उत्तराची मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, प्रश्न पुरता विचारला जाण्यापूर्वीच उत्तर ओठांवर येते आणि विचाराचे कष्ट वाचतात. पाठ झालेल्या उत्तराची हीच अडचण असते. ते खरे असले तरी ते आपण मिळविलेले नसते. अशा वेळी हाच प्रश्न शेजाऱ्याच्या धर्माने कसा मांडला आणि कसा सोडविला हे पाहिले, तर स्वतःच्या उत्तराकडेही डोळे उघडून पाहण्याची बुद्धी होते.

आम्हां बडोदेकरांना तर हा शेजार दूरचा नाही. मराठी संस्थानिक, गुजराती प्रजा, जैन पेढ्या, मुसलमान गवई आणि कारागीर असा या नगरीचा संसार दीडदोनशे वर्षे एकत्र चालला. त्याच नगरीने २००२ सालासारखे दिवसही पाहिले आहेत. ज्या गावात शेजाऱ्याच्या दाराची अशी भीती एकदा बसलेली असते, तेथे त्याच्या धर्माचे यथार्थ ज्ञान करून घेणे ही विद्वत्तेची हौस राहत नाही. ती नागरिकाची गरज होते. आणि यथार्थ ज्ञान म्हणताना निंदेइतकेच खोट्या स्तुतीपासूनही सावध राहावे लागते.

या प्रश्नावर बडोद्याशी जन्माचा किंवा शिक्षणाचा संबंध असलेल्या दोन थोर पुरुषांनी ग्रंथ मागे ठेवले आहेत. एक हजरत इनायत खान, दुसरे विनोबा भावे. पहिले १९१० साली आणि दुसरे १९१६ साली बडोदे सोडून गेले, म्हणजे एकाच शहराने सहा वर्षांच्या अंतराने दोन जिज्ञासू गमावले. एक जन्माने मुसलमान आणि व्यवसायाने गायक. दुसरा जन्माने चित्पावन ब्राह्मण आणि स्वभावाने गणिती. दोघांनीही इस्लामच्या अफाट वाङ्मयातून सार काढण्याचा प्रयत्न केला. हे सार कितपत खरे उतरले आहे, आणि विशेषतः मनुष्याच्या जीवनाचे प्रयोजन काय, या प्रश्नाला इस्लाम देत असलेले उत्तर त्यांतून वाचकापर्यंत कितपत पोहोचते, याची परीक्षा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इनायत खान यांचे आजोबा मौलाबक्ष (१८३३–१८९६) हे सयाजीराव महाराजांच्या पदरी होते. १८८६ साली बडोद्यात निघालेल्या गायनशाळेचे ते आद्य चालक होत. आजच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयातील संगीत-नाट्य विद्याशाखा आपला उगम त्याच शाळेत शोधते. त्या घरात ५ जुलै १८८२ रोजी इनायत खान जन्मले. हैदराबादेस सय्यद अबू हाशिम मदनी यांच्याकडून त्यांना चिश्ती परंपरेची दीक्षा मिळाली. १९१० साली ते अमेरिकेस गेले, पुढे पॅरिसजवळील सुरेन येथे स्थिरावले, आणि १९२७ च्या फेब्रुवारीत दिल्लीस निवर्तले. निजामुद्दीन दर्ग्याच्या परिसरात त्यांची समाधी आहे. त्यांच्या इंग्रजी प्रवचनांचे जे संग्रह निघाले, त्यांपैकी एकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘जीवनाचे प्रयोजन’ असा आहे.

या ग्रंथातील विचाराचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. प्रत्येक जीवाच्या मुळाशी पाच आकांक्षा असतात : जगण्याची, जाणण्याची, सामर्थ्याची, सुखाची आणि शांतीची. माणूस आयुष्यभर त्यांच्या छाया धरीत धावतो. दीर्घायुष्याला तो जीवन समजतो, माहितीला ज्ञान समजतो, अधिकाराला सामर्थ्य, भोगाला सुख आणि विश्रांतीला शांती समजतो. या पाचही आकांक्षा अंतर्मुख होऊन ईश्वरापर्यंत पोहोचल्या म्हणजेच तृप्त होतात. शिवाय प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे असे एक विशिष्ट कार्य आलेले असते, आणि ते ओळखणे ही अंतिम प्रयोजनाकडे जाणारी पहिली पायरी होय.

ग्रंथ वाचताना मन प्रसन्न होते यात शंका नाही. लेखक गवई असल्यामुळे विचाराला लय आहे. विश्व त्यांना मेळ जमलेल्या गायनासारखे दिसते आणि प्रत्येक जीव त्यातील आपला स्वर शोधीत असतो. आपल्या वाचकाला हे सारे कोठेतरी ऐकल्यासारखे वाटते, आणि नेमके तेथेच समीक्षकाने थांबले पाहिजे. हे परिचित का वाटते? ईश्वर आणि जीव यांच्यातील अंतर शेवटी उरत नाही, ही भूमिका वेदान्ताच्या कानाला गोड लागणारी आहे म्हणून. सूफी परंपरेत या भूमिकेला जुना आधार आहे, हे खरे. परंतु तिच्यावर इस्लामच्याच अंतर्गत शतकानुशतके वाद झालेला आहे, हेही तितकेच खरे. पाश्चात्त्य श्रोत्यांसमोर बोलताना इनायत खानांनी आपल्या संप्रदायाचे दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडे ठेवले. कोणालाही मुसलमान होण्याची अट घातली नाही. हे त्यांचे औदार्य होते. परंतु या औदार्यासाठी त्यांच्या ग्रंथात अंतिम न्यायाचा दिवस, विधिनिषेध, पापाचा धाक आणि पैगंबराच्या आज्ञेचे बंधन हे सारे मागल्या ओळीत जाऊन बसले. अशा ग्रंथावरून सामान्य मुसलमानाच्या श्रद्धेची कल्पना करू पाहणाऱ्या हिंदु वाचकाला आरशात स्वतःचेच मुख दिसते आणि तो समजतो की, आपण शेजाऱ्याच्या घरात डोकावून पाहिले.

विनोबांचा मार्ग अगदी उलटा. कोकणातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या नोकरीनिमित्त बडोद्यास आला, येथेच शिकला, आणि १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघालेला वाटेत सुरतेस उतरून काशीला गेला. त्यापूर्वी त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत टाकली होती. पुढे प्रौढ वयात त्यांनी अरबी भाषा मुळातून अभ्यासिली, कुराणाचे पठण वर्षानुवर्षे केले, आणि १९६२ च्या सुमारास ‘कुराण-सार’ सिद्ध केले. त्याच वर्षी सप्टेंबरात ते पूर्व पाकिस्तानातून पदयात्रा करीत गेले. एका काफराने आमच्या ग्रंथाची काटछाट करावी काय, अशी टीका पुस्तक हाती पडण्यापूर्वीच तिकडील वृत्तपत्रांतून झाली. हा रोष अज्ञानातून आला असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला मात्र त्याच्या मुळाशी एक विचार करण्याजोगा प्रश्न दिसतो, आणि त्याच्याकडे मी पुढे येणार आहे.

‘कुराण-सारा’ची मांडणी सूरांच्या क्रमाने नाही, विषयवार आहे. ईश्वर, भक्ती, भक्त आणि अभक्त, धर्म, नीती, मनुष्य, प्रेषित असे विभाग पाडून त्यांखाली निवडक आयती लाविल्या आहेत. सहा हजारांहून अधिक आयतींमधून सुमारे एक हजार निवडल्या, म्हणजे मूळ ग्रंथाचा सहावा हिस्सा घेतला. विनोबांनी हाच प्रयोग धम्मपदावर केला, ख्रिस्ती धर्मग्रंथावर केला, आणि त्यांच्याच प्रेरणेने जैनांचा ‘समणसुत्तं’ हा सर्वमान्य संग्रह १९७४ साली तयार झाला. पद्धती एकच : इतिहास, प्रसंग आणि स्थलकालाचे नियम बाजूला ठेवावेत, आणि जे सर्वांना सर्वकाळ घेता येईल ते वेचावे. या निवडीत स्वतःचे मत घुसडलेले नाही. अर्थ खुलविण्यासाठी टीकेचा पाल्हाळ नाही. अरबी मूळ सोडून भाषांतरावर विसंबणे नाही. एका हिंदु साधकाने दुसऱ्या धर्माच्या ग्रंथाशी इतक्या निष्ठेने केलेली वागणूक दुर्मिळ होय. इनायत खानांच्या ग्रंथात दिसणारी मऊ धूसरता येथे नाही. ईश्वर एक आहे, तो न्यायाधीश आहे, मनुष्य त्याचा बंदा आहे, हे येथे स्वच्छ उमटते.

तथापि वकिलीचा व्यवसाय करणाऱ्याला सार या प्रकाराविषयी एक उपजत संशय असतो. निवाड्यांच्या संग्रहात प्रत्येक निवाड्याच्या माथ्यावर त्याचा सारांश छापलेला असतो. तो उपयुक्त असतो, बहुधा बरोबरही असतो. पण तो निवाडा नसतो. न्यायाधीशाने कोणत्या वस्तुस्थितीवर, कोणाकोणाच्या हक्कांचा तोल सांभाळून ते वाक्य उच्चारले हे त्यात उतरत नाही. केवळ माथ्यावरच्या ओळी वाचून युक्तिवादास उभा राहिलेला वकील पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. ‘कुराण-सारा’बद्दल माझा आक्षेप याच जातीचा आहे, आणि तो जीवनाच्या प्रयोजनापाशी सर्वांत अधिक लागू पडतो.

कुराण या प्रश्नाला काय उत्तर देते? निरनिराळ्या सूरांतून विखुरलेली विधाने एकत्र केली म्हणजे पाच गोष्टी पुढे येतात. आकाश आणि पृथ्वी ही ईश्वराने खेळ म्हणून केलेली नाहीत. जिन्न आणि मनुष्य यांना त्याने आपल्या उपासनेसाठीच निर्मिले. मनुष्याला त्याने पृथ्वीवर आपला प्रतिनिधी, म्हणजे खलिफा, म्हणून ठेविले. आकाश, पृथ्वी आणि पर्वत यांनी जी अमानत स्वीकारण्यास भिऊन नकार दिला, ती मनुष्याने उचलली. आणि जन्म-मृत्यू ही परीक्षा असून शेवटी प्रत्येकाला परत जाऊन कणाकणाचा हिशेब द्यावयाचा आहे.

आपल्या कानाला पहिलाच मुद्दा खटकतो. सृष्टी ही लीला आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्या कल्पनेत आपल्याला ईश्वराचे स्वातंत्र्य आणि आनंद दिसतो. कुराणाला त्या कल्पनेत माणसाच्या बेजबाबदारपणाला मोकळीक दिसते. सृष्टी खेळ असेल तर माझे चुकणेही खेळच, असा युक्तिवाद कोणी करू नये म्हणून ते दार तेथे आधीच बंद केलेले आहे. त्यात जन्म एकच. चुकलेला धडा पुढल्या जन्मी गिरविण्याची सवलत नाही. त्यामुळे प्रत्येक दिवसाला मुदत संपत आलेल्या दाव्यासारखी निकड येते.

दुसऱ्या मुद्द्यातील उपासना हा शब्द तर फार काळजीने समजून घ्यावयास हवा. मूळ शब्द ‘इबादत’, आणि तो ‘अब्द’ म्हणजे दास या शब्दाचा सोयरा. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास. आपल्याकडील हरिदास, रामदास, पुरंदरदास या नावांचा अर्थ ज्याला कळतो, त्याला अब्दुल्लाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरात मध्वाचार्यांची परंपरा चालते, त्यांना तर हे स्थान विशेष ओळखीचे वाटावे. जीव मुक्तीतही दासच राहतो, तो कधीही स्वामी होत नाही, हा द्वैत मताचा आग्रह इस्लामच्या भूमिकेला अद्वैतापेक्षा पुष्कळच जवळचा आहे. हिंदु-मुस्लिम तत्त्वज्ञानाची तुलना करणारे लेखक बहुधा अद्वैत आणि सूफी यांचीच जोडी लावतात, आणि ही दुसरी, अधिक टिकाऊ जोडी त्यांच्या नजरेतून निसटते. अर्थात् साम्य दाखविताना भेदही सांगितला पाहिजे. मध्वमतात जीवांमध्ये मुळातच तारतम्य मानलेले आहे. इस्लाममध्ये दासांमध्ये जन्माचे तारतम्य नाही; नमाजाच्या रांगेत जो आधी येईल तो पुढे उभा राहील, आणि श्रेष्ठत्व असलेच तर ते सदाचाराने मिळविलेले.

आता ‘सारा’वरील आक्षेपाकडे येऊ. दासाने स्वामीची सेवा कोठे करावयाची? इस्लामचे उत्तर आहे : बाजारात, शेतात, माजघरात, वाटणीच्या वेळी, मृत्युपत्र लिहिताना. कुराणातील सर्वांत लांब आयत कोणती, हे फारच थोड्या हिंदु वाचकांना ठाऊक असते. ती ईश्वराच्या स्वरूपाविषयी नाही, स्वर्गाविषयीही नाही. ती दुसऱ्या सूरेतील २८२ वी आयत असून कर्जाचा दस्तऐवज कसा करावा, हा तिचा विषय आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लेखकाने न्यायाने लिहावे, मजकूर ऋणकोने सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, लेखकाला वा साक्षीदाराला त्रास देऊ नये. एवढा तपशील तिच्यात आहे. वकिलाला ही आयत पाहून प्रथम हसू येते, आणि मग तो गंभीर होतो. ज्या ग्रंथाने पर्वतांनी नाकारलेल्या अमानतीची गोष्ट सांगितली, त्यानेच आपली सर्वांत लांब आयत उसनवारीवर खर्च करावी, यात विसंगती नाही. अमानत म्हणजे काय ते येथे हाताला लागते.

चौथ्या सूरेतील वारसाहक्काच्या आयतीही अशाच. निम्मा, चौथा, आठवा, दोन-तृतीयांश, तिसरा, सहावा अशा अपूर्णांकांनी भरलेल्या या ओळी अध्यात्माच्या शोधात आलेल्या वाचकाला रुक्ष वाटतात आणि कोणताही सारग्राही संपादक त्या ओलांडून पुढे जाण्याचा संभव अधिक. परंतु त्यांच्याच छायेत वाढलेला एक नियम पाहावा. मुसलमान माणसाला दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भागाची मृत्युपत्राने विल्हेवाट वारसांच्या संमतीवाचून लाविता येत नाही. मजकडे एकदा एक वृद्ध गृहस्थ आले होते. आपली सारी मिळकत एका दवाखान्यास द्यावी, ही त्यांची इच्छा. हा नियम मी सांगितला तेव्हा ते रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, “वकीलसाहेब, उरलेले दोन हिस्से माझे होतेच कुठे? सांभाळायला दिले होते.” जीवनाच्या प्रयोजनावरील कोणत्याही प्रवचनात मला त्या वाक्याइतके स्पष्ट उत्तर आढळलेले नाही, आणि ते वाक्य ज्या भागातून आले, तो भाग सारात शोधून सापडावयाचा नाही.

संन्यासाविषयीही असेच म्हणता येईल. हा लेख मी छाणीत बसून लिहीत आहे. बडोद्याच्या उत्तरेचे, आता शहराच्या कवेत आलेले हे गाव जैनांमध्ये दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध : येथील हस्तलिखितांचे ज्ञानभांडार, आणि येथून दीक्षा घेऊन बाहेर पडलेल्या साधु-साध्वींची मोठी परंपरा. संसार सोडणे हीच जीवनाची सर्वोच्च परिणती, हे मत येथे ग्रंथातून शिकावे लागत नाही. ते घराघरांतून दिसते. त्या मताविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु अजाण बालकाला दीक्षा द्यावी की नाही, या प्रश्नावरून बडोदे संस्थानात मोठा वाद माजला आणि १९३३ साली सयाजीरावांच्या सरकारने अज्ञानांच्या संन्यासदीक्षेस प्रतिबंध करणारा निबंध मंजूर केला. जीवनाचे प्रयोजन ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते ठरविण्याचे वय कोणते, हा प्रश्न एका संस्थानाला कायद्याने सोडवावा लागला.

या पार्श्वभूमीवर कुराणाची भूमिका लक्षात घ्यावी. सत्तावन्नाव्या सूरेत ख्रिस्ती संन्याशांचा उल्लेख आहे. त्यांचा हेतू ईश्वराला प्रसन्न करण्याचा होता हे मान्य करून, हे व्रत त्यांनी स्वतःच निर्माण केले, ईश्वराने ते लादले नव्हते, आणि त्यांच्याकडून ते नीट पाळलेही गेले नाही, असा तेथे अभिप्राय दिला आहे. संन्याशाची निंदा तेथे नाही. पण संसारातून उठून जाणे हे माणसाचे नेमून दिलेले कार्य नव्हे, एवढे निश्चित. प्रतिनिधीने आपली कचेरी सोडून स्वामीच्या वाड्यात जाऊन बसावे, हे स्वामीला कसे रुचेल? येथे एक मोठी गंमत घडली आहे. घर सोडून गेलेल्या, आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या एका थोर पुरुषाने, गृहस्थाला गृहस्थपणातच ईश्वराचा प्रतिनिधी मानणाऱ्या ग्रंथाचे सार काढले. त्या सारात भक्तीचा स्वर उंच लागला आणि व्यवहाराचा मंद पडला, यात आश्चर्य नाही. पूर्व पाकिस्तानातील त्या टीकाकारांना, शब्द कठोर असले तरी, हीच अस्वस्थता जाणवली असावी, असे मला वाटते : आमच्या ग्रंथातील फूल तुम्ही घेतले, पण झाड कोठे ठेवले?

येथे एक आक्षेप माझ्यावरही येऊ शकतो, आणि तो महाराष्ट्रातूनच आलेला आहे. कायदा हा जर धर्माच्या प्रयोजनाचा अविभाज्य भाग मानला, तर त्यात अन्याय असेल तेव्हा काय करावयाचे? हमीद दलवाई (१९३२–१९७७) यांनी हा प्रश्न मराठीतून निर्भयपणे विचारला. १९६६ साली त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, आणि १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. तोंडी तलाकाच्या एका शब्दाने जिचा संसार मोडला, तिला ईश्वराच्या अमानतीचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे ठरेल, हे त्यांचे म्हणणे कोण नाकारील? एका दमात तीन वेळा उच्चारलेल्या तलाकाला भारतीय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली अवैध ठरविले, तेव्हा दलवाईंना जाऊन चाळीस वर्षे झाली होती.

मला वाटते, येथे दोन गोष्टींची फारकत केली पाहिजे. हिशेब द्यावा लागेल ही एक गोष्ट. हिशेबाचे रकाने कोणत्या शतकात कसे आखले गेले ही दुसरी. पहिली गोष्ट इस्लामच्या जीवनदृष्टीचा प्राण आहे. दुसरी कालानुसार तपासावी लागते, आणि ती तपासण्याचा पहिला अधिकार त्या समाजातील दलवाईंसारख्या माणसांचा असतो. विनोबांनी कालबद्ध रकाने गाळताना नकळत हिशेबाची वही थोडी दूर सारली. इनायत खानांनी तर ती मिटूनच ठेविली. कर्मठ मौलवी मात्र रकान्यांनाच वही समजून बसतात. ज्या वृद्ध अशिलाचा वर उल्लेख केला, त्याला वही आणि रकाने यांतील नाते अचूक कळले होते.

मराठीत या विषयावर आणखी दोन वाटा आहेत, त्यांचा निर्देश केल्यावाचून हे परीक्षण अपुरे राहील. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने ज्यांनी उतरवून घेतली, त्या साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृति’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः पैगंबरांचे चरित्र आहे. व्यापारी, पती, पिता, न्यायकर्ता आणि सेनानी अशा भूमिकांतून जगलेल्या माणसाचे चरित्र सांगताना व्यवहार गाळता येत नाही. त्यामुळे सार काढण्याची प्रतिज्ञा नसूनही हे पुस्तक आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. गुरुजींची भाषा भावनेने ओथंबते, हा त्यातील दोष सर्वपरिचित आहे.

दुसरी वाट सतराव्या शतकातील. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी १६४५ च्या सुमारास ‘योगसंग्राम’ रचला. वा. सी. बेंद्रे यांनी त्यांचे वाङ्मय परिश्रमाने संपादून आपल्यापुढे ठेविले. त्यात विकारांशी लढणाऱ्या जीवाची कथा आहे आणि भाषा मराठी ओवीची. मुसलमान कुळात जन्मलेल्या या साधकाने आपले उत्तर वारकरी शब्दांत सांगितले, आणि दोन्हीकडील कर्मकांडावर कोरडे ओढले. पण त्याच्या ग्रंथात इस्लामचे उत्तर शोधू जाणाऱ्यालाही सावध राहावे लागते. कारण तो साक्ष देतो ती स्वतःच्या अनुभवाची, आपल्या जमातीच्या सर्वसाधारण श्रद्धेची नव्हे. महाराष्ट्राला तो प्रिय झाला याचे एक कारण तो आपल्यासारखा बोलतो हे आहे. जो आपल्यासारखा बोलत नाही, त्याचेही ऐकून घेणे ही पुढची आणि कठीण पायरी होय.

या सर्वांचा आपल्या देवस्थानांशी काय संबंध, असे कोणी विचारील. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे दक्षिणेतील एका हिंदु मठाच्या जमिनीच्या कायम पट्ट्याचा वाद गेला होता. निवाडा लिहिला सय्यद अमीर अली यांनी, ‘स्पिरिट ऑफ इस्लाम’ या प्रसिद्ध ग्रंथाच्या कर्त्यांनी. मठाधिपती, देवस्थानाचा शेबाईत आणि वक्फाचा मुतवल्ली यांपैकी कोणीही त्या मिळकतीचा मालक नव्हे, इंग्रजी कायद्याच्या अर्थाने विश्वस्तही नव्हे. तो केवळ व्यवस्था पाहणारा, असा त्यांनी निर्णय दिला. मठ, देऊळ आणि मशीद या तिघांची गोष्ट एका मुसलमान न्यायाधीशाने एकाच परिच्छेदात बसविली, आणि आपल्या न्यायालयांनी तो निवाडा पुढे वारंवार आधारास घेतला. वक्फात मालकी ईश्वराकडे जाते. आपल्याकडे ती मूर्तिरूप देवतेकडे जाते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे, आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण चावी ज्याच्या कमरेला आहे तो धनी नव्हे, हे दोघांनाही मान्य आहे.

तेव्हा दोन ग्रंथांविषयी माझा अभिप्राय असा. इनायत खानांचा ग्रंथ साधकाने वाचावा. त्यातून अंतर्मुखता मिळेल, परंतु त्यावरून इस्लामचे अनुमान करू नये. विनोबांचे ‘कुराण-सार’ प्रत्येक सुशिक्षित हिंदु घरात असावे. ते वाचताना संपूर्ण कुराणाचे एखादे भाषांतर शेजारी उघडे ठेवावे, आणि विनोबांनी जेथून आयत उचलली तेथील मागचापुढचा भाग पाहावा. कर्ज, वाटणी, वजनमाप आणि अनाथाची मिळकत यांच्या दाटीतून ती आयत वर आलेली आढळेल. एक जन्म, एकच अंतिम प्रेषित, नरकाचा दंड, या गोष्टी आपल्या बुद्धीला पटणार नाहीत. त्या पटवून घेण्याची आवश्यकताही नाही. समजून घेणे आणि पत्करणे यांत भेद आहे. तो भेद न राखणारे लोक शेजाऱ्याच्या धर्माला भितात, किंवा त्याचे गुळमुळीत कौतुक करून मोकळे होतात.

आपल्या देवस्थानांत वर्षाचा जमाखर्च महाजनांपुढे वाचला जातो, आणि तो ऐकण्यास बहुधा फारच थोडे लोक थांबतात. आरतीला मात्र सभामंडप भरतो. इस्लामच्या उत्तरातून आपल्याला घेण्याजोगे एवढे एक वाक्य मी सुचवीन की, देवाच्या दृष्टीने त्या दोन कार्यक्रमांत फारसा फरक नसावा.